'फॉरमॅट मारून देतो!'

मंडळी, आमच्या नांदेड-लातूरकडे घरचा कॉम्प्युटर वरचेवर हँग व्हायला लागला की त्यावर एकच औषध आहे. माऊस अडकतो? फॉरमॅट मारा. व्हिडिओ बघताना चित्र गोठतं? फॉरमॅट मारा. बटण दाबून बंद-चालू करावं लागतं? मग तर फॉरमॅटच! ज्या लातूरने अख्ख्या राज्याला अभ्यासाचा 'पॅटर्न' दिला, त्या लातुरात या एका गणिताला 'का?' विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

माझा या फॉरमॅटवर राग आहे आणि त्याला कारण आहे. लातूरच्या मावशीचा कॉम्प्युटर असाच अडकायचा. फोल्डर उघडलं की दोन-तीन मिनिटं सगळं गप्प, आतून टक्-टक् आवाज. हे हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय याचं लक्षण. अशा वेळी आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्यायची, बाकी सगळं नंतर. दुकानातल्या पोराने काय केलं? 'फक्त सी ड्राइव्ह उडवतो' म्हणाला आणि सगळीच पार्टिशनं उडवली. काकांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. आणि मशीन? पंधरा दिवसांत पुन्हा हँग.

अहो, होणारच ना! फॉरमॅटने विंडोज नवं होतं. आतली धूळ तशीच राहते. मे महिन्यात नांदेडला पारा 42-43 वर असतो. त्यात आपण सीपीयू ठेवतो टेबलाखालच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून, वरून मखमली कव्हर (लग्नातल्या रुखवतासारखं!). प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी जमलेली. बहुतेक प्रोसेसर 90-100 अंशांपाशी गेले की स्वतःहून वेग कमी करतात, त्याहून तापले तर मशीनच बंद पडतं. घरात एमएस-सीआयटी झालेले तिघं, पण चार स्क्रू काढून झाकण उघडून कुणी पाहिलेलं नाही.

विजेची तऱ्हा वेगळीच. हक्काचे 230 व्होल्ट, पण शेजारची मोटर चालू झाली की दिवे मिणमिणतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमुळे पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट तरंगत असतात. करंट किरकोळ असतो म्हणून आपण हसून सोडून देतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. (2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या खड्ड्यात बादली ओतायची कुणाची छाती झाली असती म्हणा!)

सांगायचा मुद्दा हा की आधी विचारायचं, हँग *केव्हा* होतं? दुपारीच होतं आणि रात्री नाही, तर उष्णता. फाईल उघडताना होतं, तर डिस्क. कधीही, कुठेही, कसलाच मेळ नाही, तर रॅम. ती काढून सोनेरी कडा खोडरबरने हलकेच पुसून परत बसवा (आधी प्लग काढा हो!). विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय आहे, तीही फुकट. एकच प्रोग्राम उघडल्यावर होत असेल किंवा व्हायरसने घर केलं असेल, तर मात्र दुकानदाराचं ऐका. फॉरमॅटचा आजार तो तेवढाच.

आता तर नवं निमित्त मिळालंय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून 'अकरा टाकून देतो, हँग बंद होईल' हे सर्रास ऐकू येतं. दहा वर्षं जुन्या, चार जीबीच्या डब्यावर अकरा! म्हातारा बैल नांगराला चालत नाही म्हणून त्याला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडण्यातला प्रकार.

पण एकट्या दुकानदाराला शिव्या घालून भागत नाही. फॉरमॅटचे पाचशे आपण मुकाट्याने देतो. दोन तास बसून, डिस्क तपासून, धूळ काढून, 'काका, काही बिघडलेलं नाही, कप्प्यातून बाहेर काढा' असं सांगणाऱ्याला मात्र आपण विचारतो, 'मग पैसे कशाचे?' नातेवाईक मंडळींनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय, नावं घेत नाही. मावशीची ती जुनी डिस्क मी मागून आणलीये. तिच्यावर आता काहीही कॉपी करायचं नाही, ती कुणी कॉम्प्युटरला लावायचीही नाही. पुण्यात डेटा काढून देणारे आहेत, ते काय म्हणतात बघू. खर्च जास्त येणार. वर्गणी काढायची तयारी ठेवा.