त्याच्या आईला काय वाटत असेल?

मार्केट यार्डात धान्य निवडणाऱ्या बायकांच्या बैठकीत मी मुद्दामच विषय काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाने अनिश गावंडे या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला राष्ट्रीय प्रवक्ता नेमले. ‘समलिंगी’ म्हणताना माझाच आवाज खाली गेला, हे कबूल करते.

“पक्षाला दुसरं कुणी मिळालं नाही का?” एकीने विचारले. दुसरी म्हणाली, “त्याच्या आईला काय वाटत असेल?” बायकोला मारणारा पुढारी मते मागायला येतो, तेव्हा त्याची आई कुणालाच आठवत नाही!

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. घराघरात मात्र ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हाच उपाय. त्या लग्नातली मुलगी वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहते आणि मग आमच्यासारखीकडे येते. उघडपणे जगणाऱ्या पुढाऱ्याने निदान अशा कुणा मुलीला फसवलेले नाही. मैत्रिणींनो, बाईच्या बाजूने पाहिले तर मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

बैठकीत मी हेच बोलले. कोपऱ्यातल्या मावशी तोवर गप्पच होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, “ताई, पुढच्या वेळी सुनेला घेऊन येऊ का?”