सायलेन्सरचे तोंड विहिरीबाहेर काढा

उन्हाळा लागला की वऱ्हाडात विहिरींची कामे निघतात. कुठे गाळ काढायचा असतो, कुठे चार हात आणखी खोदायचे असते. भाड्याचे इंजिन येते अन् दोराने थेट विहिरीत सोडले जाते. मग अधूनमधून पेपरात बातमी येते, ‘विहिरीतील विषारी वायूने मृत्यू’. लोक हळहळतात, नशिबाला बोल लावतात. पण राजेहो, इंजिन खाली चालू असेल तर तो वायू विहिरीचा नाही, इंजिनाचा असतो.

इंजिन खाली उतरवणारा शेतकरी मूर्ख नाही. पंप पाणी ओढतो म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. हिशेबाने ही मर्यादा ३४ फुटांची, व्यवहारात २०-२५ फुटांची. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी त्याच्या किती खाली गेले, हे सांगायला नको. नव्या विहिरीवर वीज जोडणीही नसते. म्हणून इंजिन खाली जाते, अन् धुराडेही त्याच्यासोबत जाते.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोल-रॉकेलच्या पंपात जास्त, डिझेलमध्ये कमी. पण विहिरीत वारा नसतो. इंजिन तिथलीच हवा खाते अन् तिथेच धूर सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरते. आधी डोके दुखते, मग पायातले बळ जाते, शिडी चढवत नाही.

जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये, हे खरेच. पण कंदील जळतो म्हणून विहीर सुरक्षित, असे समजू नका. प्राणवायू पुरेसा असला की कंदील जळतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला दिसत नाही.

उपाय साधा आहे. इंजिन काठावरच ठेवा, सायलेन्सरचे तोंड वाऱ्याच्या दिशेने, विहिरीपासून दूर करा. खोल पाण्यासाठी काठावर जनरेटर लावून पाणबुडी मोटार सोडा. इंजिन खाली ठेवणे भागच असेल तर जाड पाइपने धूर काठाच्या वर न्या. सांध्याला फट असली तर पाइप वर दिसतो अन् धूर खालीच राहतो. म्हणून पाइप लावला तरी इंजिन चालू असताना खाली माणूस नको. बंद केल्यावरही ब्लोअरने तळापर्यंत हवा सोडल्याशिवाय उतरू नये. अन् कोणी खाली पडलाच तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. एकाला काढायला दुसरा उतरतो अन् तोही राहतो. ११२ ला फोन करा, वरून हवा सोडा.

सरकारी अनुदानातून सिंचन विहिरी होतात.  ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांनी, तिथे इंजिन कुठे ठेवले, हे पाहावे. ग्रामसभेने ठराव करावा : विहिरीत माणूस असताना आत इंजिन चालणार नाही. अपघाती मृत्यूनंतर शासन शेतकऱ्याच्या घरी २ लाख रुपये देते. धुराचा पाइप अन् भाड्याचा ब्लोअर त्याहून कितीतरी स्वस्त पडतो, अन् घरचा माणूस संध्याकाळी घरी येतो.