बंब येण्यापूर्वी

आपल्याकडे ‘बंब’ म्हटले की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात : न्हाणीघरातला पाणी तापविणारा तांब्याचा बंब आणि आगीवर धावून जाणारा लाल बंब. यंदा सुट्टीत मुंबईस गेलो असता, नातवाच्या हट्टाखातर, भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात हा दुसरा बंब जवळून पाहिला.

तेथे उभे असता १४ एप्रिल १९४४ ची आठवण होणे स्वाभाविक होते. त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी धुमसू लागल्या आणि त्याच जहाजात स्फोटके भरलेली होती. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. कापूस आतल्या आत कसा धुमसतो, हे बोदवडकरांना वेगळे सांगावयास नको.

मला मात्र एक साधी गोष्ट भावली. जवानाची पाटलोण बुटांत आधीच खोवून ठेवलेली होती. घंटा झाली की पाय घालावयाचे आणि निघावयाचे, शोधाशोध नाही.

घरी परतल्यावर मी स्वतःलाच विचारले, रात्री धूर झाला तर माझ्या ऐंशीच्या घरातील आईचा चष्मा, काठी आणि विजेरी हाताशी असेल काय? तिच्या खोलीची कडी बाहेरून उघडते काय? सांधे आखडलेल्या बोटांनी तिला गॅसचा रेग्युलेटर बंद करता येतो काय? तिन्ही उत्तरे ‘नाही’ अशी होती. आपणही आज हे तपासावे. शेतवस्तीवर बंब पोहोचेपर्यंतचा वेळ आपलाच असतो.

दुसरी बाब भाजण्याची. गेल्या हिवाळ्यात मधुमेह असलेल्या एक आजी गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवून झोपल्या. पायांची संवेदना मंदावलेली. सकाळी फोड दिसले. घरच्यांनी टूथपेस्ट लावून दोन दिवस वाट पाहिली. जखम भरावयास कित्येक आठवडे लागले.

म्हणून ध्यानात ठेवा : भाजलेल्या भागावर तत्काळ नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. वृद्धांचे उर्वरित अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. मग स्वच्छ कापडाने जखम सैल झाकून दवाखाना गाठावा. मधुमेही व वयोवृद्धांचे लहानसे भाजणेही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत, चष्म्याविनाही वाचता येतील असे. आईच्या उशाशी मी आता विजेरी टांगली आहे. आपण हे काम उद्यावर ढकलू नये.