दत्तक गावे आणि छिपांचे पाणी

विद्यापीठांनी चार भिंतींबाहेर पडावे, ही अपेक्षा आपल्याकडे जुनीच आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्याला अध्यापन व संशोधनाच्या बरोबरीचे तिसरे अंग मानले. २०१४ च्या नोव्हेंबरात उन्नत भारत अभियान आले आणि सहभागी संस्थांकडे गावे सोपवली गेली. राजस्थानात तत्कालीन राज्यपाल कल्याण सिंह यांनी कुलाधिपती या नात्याने राज्य विद्यापीठांना गावे दत्तक घेण्यास सांगितले. ‘दत्तक’ हा शब्दच मुळात खटकणारा आहे. त्यात गावाला अज्ञान बालक ठरवले जाते.

या धोरणाची खरी कसोटी जयपूरमध्ये लागते. सांगानेर आता शहरातच मिसळून गेले आहे, तर बगरू अजमेर रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. दोन्ही ठिकाणी लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या छिपा समाजाची वस्ती आहे. शहरात राजस्थान विद्यापीठ आहे, मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे आणि राज्य सरकारने १९९५ मध्ये खास हस्तकलांसाठी स्थापन केलेली भारतीय शिल्प व डिझाइन संस्थाही आहे. कारागीर आणि प्रयोगशाळा यांच्यातील अंतर इतके कमी असलेली शहरे देशात थोडीच असतील.

छिपांना उणीव नक्षीकामाच्या प्रशिक्षणाची नाही. हरड्यात कापड बुडवणे, गुळात लोखंड कुजवून काळा रंग काढणे, चिखलाच्या दाबूने नीळ अडवणे हे ज्ञान त्यांच्या घरातच आहे. त्यांची अडचण पाणी ही आहे. छापलेले कापड पुन्हा पुन्हा धुवावे लागते. बगरूत भूजल खोल गेले आहे. सांगानेरमध्ये रासायनिक रंग आणि स्क्रीन छपाई वाढल्यावर रंगीत सांडपाणी द्रव्यवती नदीत जाऊ लागले, प्रकरणे न्यायालयात गेली आणि सामायिक शुद्धीकरण प्रकल्पाचा खर्च कोणी सोसायचा हा वाद उभा राहिला. लहान छपाईदाराला आपल्या धुण्याच्या पाण्यात नेमके काय आहे, ते किती वेळा फिरवून वापरता येईल आणि त्याला दर मीटरमागे किती पैसे पडतील, हे सांगणारे कोणी हवे आहे. रसायनशास्त्र विभागाच्या दृष्टीने हे नेहमीचे काम ठरावे. मात्र ते दर महिन्याला, वर्षानुवर्षे करावे लागते. सात दिवसांच्या शिबिरात ते मावत नाही.

दुसरी अडचण बाजाराची. दोन्ही छपायांना भौगोलिक मानांकन मिळून दशक उलटले, तरी स्क्रीनने छापलेले स्वस्त कापड ‘सांगानेरी’ म्हणूनच विकले जाते. कायद्यानुसार मानांकनाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज, पुरावे, नूतनीकरण हे एकट्या छपाईदाराला झेपणारे नाही. विधी महाविद्यालयांनी हे काम कायमस्वरूपी अंगावर घेतले, तर त्याचे मोल अनेक जनजागृती फेऱ्यांहून अधिक ठरेल.

हे अशक्य नाही, याचा दाखला जयपूरनेच दिला आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ घडला तो डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या शरीरशास्त्राच्या ज्ञानातून आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या हातातून. शर्मा फारसे शिकलेले नव्हते. पण ते त्याच आवारात काम करीत होते. भारतीय शेतकऱ्याला उकिडवे बसावे लागते, चिखलात अनवाणी चालावे लागते, हे लक्षात घेऊन रबराचे पाऊल तयार झाले. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने त्याचा प्रसार केला. येथे कारागीर लाभार्थी नव्हता, तो निर्मितीचा भागीदार होता.

महाराष्ट्रातील वाचकांना याच्या जवळचा प्रयोग ठाऊक असेल. मुंबई आयआयटीच्या पुढाकाराने राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियान उभे राहिले. त्यात जिल्हा प्रशासनाच्या गरजेतून येणाऱ्या पाणीपुरवठ्यासारख्या विषयांवर स्थानिक महाविद्यालयांनी अभ्यास करावेत, अशी कल्पना आहे. प्रश्न बाहेरून येतो आणि उत्तर मागणारा कोणी समोर बसलेला असतो. हा फरक लहान नाही.

जयपूरमध्ये आज उत्तर मागणारा नाही. नॅकच्या निकषांत विस्तारकार्य आहे, पण तिथे भरते ती कार्यक्रमांची व सहभागी विद्यार्थ्यांची संख्या. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर तोलली जाते. पाच वर्षे बगरूचे पाणी तपासणारा सहायक प्राध्यापक त्यात मागेच पडतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आयोगाने समाजसहभागासाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवला. ३० तासांत विद्यार्थ्याचे डोळे उघडतील. छपाईदाराचा खर्च मात्र कमी होणार नाही. त्यासाठी राज्य सरकारने प्रयोगशाळेतील कायम पदांना निधी द्यावा आणि छपाईदारांच्या संघटनांना त्या कामाच्या देखरेखीत मताधिकार द्यावा. पहिला चाचणी अहवाल नियतकालिकाकडे जाण्यापूर्वी हिंदीत, मीटरमागच्या खर्चासह, त्यांच्याच हाती पडावा. रंगबंधाची एखादी सुधारित कृती त्यातून निघाली, तर तिच्यावर नाव कोणाचे लागेल, हेही त्यांच्याशी आधीच लेखी ठरलेले असावे.