सरपणाची वाट

चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला वनशास्त्राचे पाठ द्यावे लागत नाहीत. सरपणासाठी गतवर्षीपेक्षा कोसभर अधिक चालावे लागले, की डोंगर उघडा पडत चालला हे तिला सर्वांआधी कळते. उणीव असते ती या अनुभवाला कृतीची जोड मिळण्याची. आफ्रिकेतील केनिया देशात ती कशी मिळाली, हे आमच्या वाचक भगिनींनी जाणून घेण्यासारखे आहे.

१९७०नंतरच्या काळात तेथील राष्ट्रीय महिला परिषदेपुढे खेड्यांतील स्त्रियांनी आपली गाऱ्हाणी मांडली. सरपण नाही, स्वच्छ पाणी नाही, मुलांना सकस अन्न नाही. परिषदेच्या सदस्या वांगारी माथाई या जीवशास्त्राच्या विदुषी, परंतु खेड्यातच वाढलेल्या. या तिन्ही दुःखांचे मूळ एकच आहे, हे त्यांनी ओळखले. चहा-कॉफीच्या लागवडीसाठी झाडे गेली, माती वाहून गेली, ओढे आटले. सरपण दुर्मिळ झाल्यावर पुष्कळ वेळ शिजवावे लागणारे पौष्टिक अन्न गृहिणीला परवडेना. पांढरा पाव आणि झटपट शिजणारे निःसत्त्व पदार्थ घरात आले. झाड पडले रानात, पण त्याची झळ पोहोचली ती मुलाच्या ताटापर्यंत!

५ जून १९७७ रोजी नैरोबीत सात झाडे लावून कार्यारंभ झाला. हेच कार्य पुढे ‘हरित पट्टा चळवळ’ या नावाने प्रसिद्धीस आले. रोपे वाढविणे हे पदवीधर वनाधिकाऱ्यांचे काम, असे काही जाणत्यांचे मत होते. स्त्रियांनी मात्र आसपासच्या झाडांचे बी वेचले, फुटक्या भांड्यांत ते रुजविले आणि गावोगाव रोपवाटिका उभारल्या. रोप लावले एवढ्यावर मोबदला मिळत नसे; ते जगले तरच अल्पशी रक्कम हाती पडे. त्यामुळे लावण्याइतकेच जोपासण्यालाही मोल आले. आजवर पाच कोटींहून अधिक झाडे या चळवळीने लावली आहेत. २००४ साली माथाईबाईंना नोबेल शांतता पारितोषिक लाभले. २०११ साली त्या निवर्तल्या.

आपल्याकडेही पावसाळ्यात वृक्षारोपणाचे समारंभ थाटाने होतात. परंतु चैत्र-वैशाखात त्या रोपांना पाणी कोण घालते? आपल्या महिला मंडळाच्या पुढील बैठकीत नवी रोपे मागविण्यापूर्वी एवढेच विचारावे: गेल्या वर्षीची किती जगली? उत्तर ऐकून मान खाली घालावी लागली, तरी खऱ्या कार्याचा आरंभ तेथूनच होईल.