पिस्तुलाची स्प्रिंग तपासली, माणसाचं काय?

समजा, तुमचा जन्म जर्मनीत झालाय. वय २२. दर शनिवारी गावातल्या नेमबाजी क्लबात जाता. तिथल्या एका आजोबांकडे पी-३८ पिस्तूल आहे. स्लाइडवर ‘बीवायएफ ४४’ अशी खूण, म्हणजे माउझरच्या कारखान्यात १९४४ मध्ये तयार झालेलं. आजोबा विकायला तयार आहेत, तुमच्याकडे पैसेही आहेत. तरी ते आज तुम्हाला घरी नेता येणार नाही. का, ते पुढे सांगते. आधी या वस्तूबद्दल थोडं.

पी-३८ हे वॉल्थर कंपनीचं डिझाइन. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी अशी दहा लाखांहून जास्त पिस्तुलं बनली. काडतूस ९ एमएम, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या लष्करानेही हेच डिझाइन ‘पी-१’ नावाने, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम लावून परत घेतलं. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचं हे मॉडेल आजही रेंजवर दिसतं.

पण ते चालवायचं म्हणजे जुनी बुलेट सांभाळण्यासारखं आहे, हौस असेल तरच. रिकॉइल स्प्रिंग थकतात, त्या वेळेवर बदलाव्या लागतात. स्लाइडच्या वरचं पातळ पत्र्याचं झाकण सैल झालं असेल तर गोळी झाडताना ते उडून जातं. जुन्या लष्करी काडतुसांनी नळीत क्षार साचतात आणि गंज धरतो, म्हणून नवी आणि बेताच्या दाबाचीच काडतुसं वापरायची. युद्धाच्या शेवटी घाईत बनलेल्या नगांच्या सेफ्टीवर तर जाणकार भरवसाच ठेवत नाहीत. नळी किंवा स्लाइड बदलली, तर पिस्तूल सरकारी चाचणी केंद्रात न्यायचं. तिथे मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात आणि मगच शिक्का मारतात. थोडक्यात, ‘इतकी वर्षं चाललंय, चालेल अजून’ हे इथे कुणी ऐकून घेत नाही.

आता कायद्याचं. जर्मनीत शस्त्र बाळगायला ‘गरज’ सिद्ध करावी लागते. नेमबाजाला आधी मान्यताप्राप्त संघटनेच्या क्लबात वर्षभर सराव करावा लागतो, महिन्यातून एकदा किंवा वर्षात १८ वेळा. मग शस्त्रज्ञानाची परीक्षा, गुन्ह्यांच्या नोंदींची छाननी, ठरावीक दर्जाची तिजोरी. अधिकारी न सांगता घरी येऊन तिजोरी बघू शकतात. एवढं सगळं झालं, तरी तुम्ही २५ च्या आत असाल आणि असं मोठ्या बोअरचं शस्त्र पहिल्यांदाच घेत असाल, तर स्वतःच्या खर्चाने मानसिक योग्यतेचं प्रमाणपत्र आणायचं. (शिकारीचा परवाना असलेल्यांना यातून सूट आहे. का, ते मला अजून पटलेलं नाही.)

मी स्वतः २२ ची. हा नियम वाचला तेव्हा पहिली प्रतिक्रिया ‘म्हणजे आम्हीच वेडे का?’ अशीच होती.

पण नियम आला कुठून ते बघा. २६ एप्रिल २००२. एरफुर्ट शहरातल्या शाळेत, शाळेनेच काढून टाकलेल्या १९ वर्षांच्या मुलाने १६ जणांना मारलं. तो क्लबचा नेमबाज होता. नेमक्या त्याच दिवशी जर्मन संसदेत शस्त्र कायद्याची दुरुस्ती संमत होत होती. ती पुन्हा कडक करावी लागली आणि २५ ची अट त्यातून आली. मग मार्च २००९, विनेंडेन. १७ वर्षांच्या मुलाने १५ जणांचा जीव घेतला, वडिलांच्या पिस्तुलाने. बाकीची शस्त्रं कुलपात होती, ते एक बेडरूममध्ये होतं. त्यानंतर न सांगता घरी येऊन तपासणीचा नियम आला.

तुमच्या लक्षात आलं असेल, प्रत्येक वेळी कायद्याने मागच्या घटनेतली फट बुजवली. एकदा वय, एकदा तिजोरी.

आणि मग ९ मार्च २०२३, हॅम्बर्ग. यहोवाज विटनेसेस या पंथाच्या प्रार्थनास्थळी गोळीबार. सहा जण आणि एक न जन्मलेलं बाळ गेलं. हल्लेखोर परवानाधारक नेमबाज होता आणि त्याचं वय होतं ३५. म्हणजे २५ चा नियम त्याला लागूच नव्हता. त्याच्या मानसिक स्थितीबद्दल काळजी व्यक्त करणारं निनावी पत्र शस्त्र विभागाला आधीच मिळालं होतं. फेब्रुवारीत अधिकारी न सांगता घरीही जाऊन आले. पिस्तूल तिजोरीत होतं, एक काडतूस तेवढं बाहेर राहिलं होतं. तोंडी ताकीद दिली आणि निघाले. साधारण महिन्याभराने त्याच पिस्तुलाने हा हल्ला झाला.

तेव्हाच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर यांच्या मसुद्यात पहिल्यांदा परवाना मागणाऱ्या सगळ्यांनाच मानसिक प्रमाणपत्र सक्तीचं करायचा प्रस्ताव होता. आघाडीतल्याच एफडीपीने विरोध केला आणि तो अडकला. २०२४ मध्ये झोलिंगेनच्या चाकूहल्ल्यानंतर कायदा बदलला, पण भर चाकूंवर होता.

क्लबवाले म्हणतात, प्रामाणिक नेमबाजांना शिक्षा का? शिवाय एका भेटीत मानसतज्ज्ञाला कुणाच्या मनातलं किती कळणार? दुसरा मुद्दा मला खरा वाटतो. पण मग २५ च्या आतल्यांचं तरी त्या एका भेटीत कसं कळतं? तपासणीचा उपयोग असेल तर ती ३५ आणि ५५ लाही हवी, आणि नसेल तर आमच्या माथी तरी कशाला मारता?

आपल्याकडे पी-३८ चा प्रश्न सामान्य माणसापुढे येतच नाही, कारण ९ एमएम हा आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअर आहे. तुमच्यापैकी एनसीसीत कुणी रायफल चालवली असेल तर ती .२२ ची. पण परवाना पाच वर्षांचा झालाय तो २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आधी तीनच वर्षांचा होता. म्हणजे परवानाधारकाची फाइल पुन्हा उघडायची वेळ आपल्याकडेही लांबलीच आहे.

जर्मनीत नोंदींची छाननी किमान दर तीन वर्षांनी होते. त्यात पोलिसांत काय नोंद आहे हे दिसतं, माणूस आतून कसा आहे हे नाही. सरावाचा पुरावा पहिल्या दहा वर्षांत पुन्हा मागतात, नंतर क्लबच्या सदस्यत्वाचा दाखला पुरतो. आपल्या आजोबांचं पी-३८ दर शनिवारी रेंजवर उघडून पुसलं जातं, स्प्रिंग पाहिली जाते. त्यांच्या परवान्याला चाळीस वर्षं झाली असतील, तर त्यांचं शेवटचं मानसिक प्रमाणपत्र कधीचं? त्यांनी ते कधी दिलेलंच नाही. त्यांच्या पंचविशीत तो नियमच नव्हता.