मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किलोमीटरचे नाही, व्यवस्थेचे आहे!

मुंबईहून न्यूयॉर्क हवाई मार्गाने सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमान साधारण पंधरा-सोळा तासांत पोहोचवते. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर याच शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात बोटीने गेले. शंभर वर्षांत प्रवास काही तासांवर आला. मग आमच्या वस्तीतून त्या विमानतळापर्यंतचे अंतर तेवढेच का कमी झाले नाही?

केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत वर्षाला एकूण १२५ जागा. त्यांपैकी अनुसूचित जातींसाठी ११५. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २० कोटींहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत ७५ जागा. यांची बेरीज दोनशेही होत नाही. एवढ्या जागांत मावेल एवढीच का आमची गुणवत्ता?

केंद्राची योजना विमानाचे तिकीट देते, तेही इकॉनॉमी वर्गाचे आणि सर्वात जवळच्या मार्गाचे. तिकिटाचा मार्ग जवळचा, पण अर्जाचा मार्ग? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, विद्यापीठाची ऑफर, व्हिसासाठी पैशाचा पुरावा. अमेरिकेतले सत्र ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते. निवड यादी उशिरा लागली, तर श्रीमंताचा मुलगा घरच्या पैशावर निघून जातो आणि आमचा मुलगा पत्राची वाट पाहतो. विमान कोणासाठी थांबत नाही.

याहून गंभीर गोष्ट विषयांची आहे. २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. भारताचा अभ्यास भारतातच करा, असा यामागचा युक्तिवाद. हाच नियम तेव्हा असता तर? बाबासाहेबांचा १९१५ चा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबियातील चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. म्हणजे बाबासाहेबांनाही हे विषय बदलावे लागले असते! आमच्या मुलांनी परदेशात यंत्रे शिकावीत, पण जातीची चिकित्सा करू नये, असाच या नियमाचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवा. निवड यादी मे महिन्यापूर्वी लावा. विषयांवरील बंदी मागे घ्या. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तीन वर्षांनी ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांनी अडथळा पार केला म्हणून अडथळा योग्य ठरत नाही.

तरुण मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा यंदा वस्तीतल्या एका विद्यार्थ्याच्या पासपोर्टसाठी, परीक्षा शुल्कासाठी काढू या. सरकारशी भांडण चालूच राहील. पण तोवर आमची एक खुर्ची रिकामी राहता कामा नये.

जय भीम!